जुने घर, डागडुजी आणि नफा

कैनाडच्या बाजूच्या आपल्या एका तरुण बंधूने गेल्या पावसाळ्यात उपासनेनंतर मला विचारले, "पाळकसाहेब, चार पैसे गाठीस आहेत. डहाणूस स्टेशनापासून थोड्या अंतरावर एक जुने कौलारू घर विक्रीस आहे. ते घेऊन, दुरुस्त करून भाड्याने द्यावे किंवा पुढे चढत्या दराने विकावे, तर त्यात पाप आहे काय?" मी त्यास लागलेच उत्तर दिले नाही. पाळकाने प्रत्येक प्रश्नास उभ्या उभ्या उत्तर देऊ नये, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न त्या एकट्याचा नाही. 2013 साली मुंबईच्या लोकलगाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. असे काही घडले म्हणजे ज्या घराकडे कोणी ढुंकून पाहत नसे, त्याच्या अंगणात दलाल येऊन बसतो. आपल्या उपदेशक बंधूंनाही हे ठाऊक आहे.

डागडुजीच्या नफ्याविषयी मला शंका वाटत नाही. वाळवीने खाल्लेले वासे बदलणे, कौले शाकारणे, ओल धरलेली भिंत खरवडून नवा गिलावा करणे, हे श्रम होत, आणि श्रमाचे मोल घेणे न्याय्य आहे. लेवीयाच्या 14व्या अध्यायात घराच्या भिंतीस चट्टा पडला असता याजकाने स्वतः जाऊन तो पाहावा, दगड काढावे, भिंत खरवडावी, आणि तरीही चट्टा पुन्हा उमटल्यास घर पाडावे, असे सांगितले आहे. ज्या देवाने याजकास भिंतीची ओल पाहावयास लावले, त्यास गवंडीकाम क्षुल्लक वाटत नाही हे उघड आहे. परंतु यहेज्केलाच्या 13व्या अध्यायात दुसऱ्या प्रकारचे कारागीर आहेत. ते कच्च्या भिंतीवर चुना फासतात, आणि पाऊस आला म्हणजे भिंत कोसळते. वैशाखात ओलीवर रंग देऊन घर विकावे आणि आषाढात घेणाराने ती ओल पाहावी, असा व्यवहार आपल्या भागात नवा नाही. त्यास डागडुजी म्हणता येत नाही.

ह्याहून कठीण गोष्ट खरेदीची आहे. लेवीयाच्या 25व्या अध्यायात विकताना व विकत घेताना भावाने भावास नाडू नये अशी आज्ञा आहे, आणि तेथेच एक भेद सांगितला आहे. तटबंदीच्या नगरातील विकलेले घर एका वर्षाच्या आत सोडवता येई; वर्ष लोटले म्हणजे ते घेणाराचे झाले. उघड्या खेड्यातील घर मात्र शेताप्रमाणे गणले जाई. ते केव्हाही सोडवता येई व योबेल वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जाई. माझ्या मते ह्याचे कारण असे की, नगरातील घर व्यापाराची वस्तू होऊ शकते, पण खेड्यातील घर शेताशी बांधलेले असते. ते गेले म्हणजे माणूस मजूर होतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे भोगले आहे. ह्याच डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी थोडे कर्ज काढणारा वारली "लग्नगडी" होऊन सावकाराच्या घरी जन्मभर राबे. त्या वेठीविरुद्धच 1945 साली तलासरीकडील झरी येथे लोक जमले. म्हणूनच 1974 सालापासून जमीन महसूल कायद्याच्या कलम 36-अ ने आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून इतरांस विकता, गहाण ठेवता किंवा पट्ट्याने देता येत नाही.

येथे आपल्यापुढे खरा मोह येतो. वारली बंधू बाप्तिस्म्यानंतरही आदिवासीच राहतो, यास्तव बाहेरचा धनिक त्यास म्हणतो, "पैसा माझा, नाव तुझे, सही कर व हजार-दोन हजार घे." सही करणारास वाटते, आपण काही चोरले नाही. पण त्याच्या नावाचा जो आडोसा झाला, त्यामागे त्याच्याच भावाचे शेत जाते. बेनामी व्यवहाराच्या 2016 साली सुधारलेल्या कायद्यात नाव देणारासही एक ते सात वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे. परंतु तुरुंग नसता तरी मी हेच म्हटले असते. आणि उपदेशकाने अशा कामी मध्यस्थी केली, तर त्याच्या तोंडून नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट कोण ऐकून घेईल?

भाड्याविषयी थोडेच. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पावती द्यावी, अनामत रक्कम परत करावी, आणि गळते छप्पर पावसाआधी पाहावे.

दोन आठवड्यांनी मी त्या बंधूस एवढेच विचारले, "घर कोणाचे?" तो म्हणाला, "एका म्हातारीचे. मुलगा वापीस कामाला आहे." "तिला आजचा दर ठाऊक आहे काय?" तो गप्प राहिला. नंतर कळले की तो वापीस जाऊन मुलास भेटला व शेजारच्या घराचे खरेदीखत कितीस झाले ते त्यास सांगून आला. व्यवहार अद्याप ठरलेला नाही. मुलगा आता अधिक मागतो.