वीणा खाली ठेवायची नसते

हौशी रॉक बँडचा इतिहास सांगायला बसलं की पाहता पाहता तो गळतीचा इतिहास होतो. ड्रम वाजवणाऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, गिटारवाला परदेशी शिकायला गेला, गाणाऱ्याचं लग्न झालं आणि सरावाच्या संध्याकाळी संपल्या. माणसं गेली म्हणजे बँड फसला, असं आपण धरूनच चालतो. हे गृहीतक तपासायला हवं. पोटासाठी न वाजवणाऱ्यांच्या गटात ये-जा होणारच. जाणारा मागे काय ठेवून जातो आणि नव्याला आत यायला वाट असते का, यावर त्या गटाची परीक्षा व्हावी.

मराठी मुलखातलं रॉकचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचं. १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला तेव्हा कॉलेजांच्या महोत्सवांत आणि रंगभवनसारख्या खुल्या मंचावर पाश्चात्त्य बँडची गाणी हुबेहूब वाजवण्यालाच मान होता. या मुलांनी स्वतःची गाणी रचायला घेतली. १९८८ मध्ये पहिला अल्बम आला, १९९३ मध्ये बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं आणि १९९७ मध्ये सगळं थांबलं. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेस आणि ड्रमवर मात्र नवे वादक होते. २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’ या अल्बममध्ये त्यामुळे नाव जुनं असूनही आवाज वेगळा निघाला. लिव्हरपूलच्या शाळकरी मुलांच्या ‘क्वॉरीमेन’चंही असंच. १९५६ च्या त्या हौशी टोळक्यातला एकटा जॉन लेनन टिकला. पॉल मॅकार्टनी १९५७ मध्ये आला, जॉर्ज हॅरिसन त्याच्या पुढच्या वर्षी आणि रिंगो स्टार थेट १९६२ मध्ये. जग ज्यांना ‘बीटल्स’ म्हणून ओळखतं ते चौघं सहा वर्षांच्या अदलाबदलीतून जमले. ही गळती झाली नसती तर तो बँडही झाला नसता.

आता बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरकडे पाहू. गावात मल्लिकार्जुनाचं कोरीव दगडी मंदिर आहे, पायऱ्यांची पुष्करणी आहे, यज्ञवराहाचं शिल्प आहे. तालुक्याचा हा भाग जिरायती. नीरेच्या कालव्याखालच्या बागायती गावांसारखं पाणी इकडे नाही, म्हणून पावसानं दगा दिला की माणसं पुण्या-मुंबईची वाट धरतात. अशा मुलखात संगीताचा कुठलाही गट तोच तो राहणं अवघड. तरीही या पट्ट्यातल्या गावोगावी भजनी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पेटीवर कोण आणि पखवाजावर कोण हे बदलत राहतं, भजन होत राहतं. गावाचा हौशी बँड शोधायचा असेल तर तो इथेच सापडतो.

हे कसं जमतं, याचं उत्तर सप्ताहात मिळतं. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहारे ठरलेले असतात. पहाटेच्या पहाऱ्याचा माणूस उभा राहतो, आधीचा वीणा त्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम चालूच राहतं. इथे निरोप आणि स्वागत एकाच क्षणी घडतं. जाणारा रुसून गेला की थकून, हा प्रश्न उरत नाही. जागा आधीपासून आहे, माणूस त्या जागेवर काही वेळ उभा आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. दिंडीतही हेच. देहूहून तुकोबांचा पालखी सोहळा १६८५ पासून, त्यांचे पुत्र नारायण महाराज यांच्या काळापासून निघतो. काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर या वाटेनं चालणाऱ्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. टाळकरी बदलतात, दिंडीची जागा हलत नाही. आणि नवा पोरगा शिकतो तो मागच्या रांगेत टाळ धरून. ठेका चुकला तर शेजारच्याचा टाळ त्याला सावरतो. त्याची परीक्षा घेऊन मग आत घेत नाहीत. आत घेतल्यावरच तो तयार होतो.

पण या टिकण्याची किंमतही आहे. मंडळ टिकतं, नावं पुसली जातात. एखादी चाल गावात कुणी आणली, दुष्काळात गाव सोडून गेलेला पखवाजवाला कोण, महिलांचं भजनी मंडळ सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा पेटीला हात कुणी घातला, हे दोन पिढ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. रॉक बँडचं उलटं. तिथे प्रत्येक सुरावर कुणाची तरी सही असते. अमुक पाच जण एका खोलीत भांडले म्हणून अमुक गाणं झालं, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणूनच एक जण गेला की गाणं लंगडं होतं. भजनी मंडळाला गाणं परंपरेतून मिळतं, म्हणून माणूस बदलला तरी चालतं. बँडला गाणं स्वतः जन्माला घालायचं असतं, म्हणून माणूस बदलला की घाव बसतो. या दोन्हींत उणं-अधिक मी ठरवणार नाही. नवं घडवण्यासाठी विशिष्ट माणसांची गाठ पडावी लागते आणि घडलेलं टिकवण्यासाठी ती गाठ सैल करता यावी लागते. समाजाला दोन्ही लागतं.

म्हणून दोघांनी एकमेकांकडून एकेक गोष्ट घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं. बारामतीच्या कॉलेजांत गिटार हाती घेणाऱ्या मुलामुलींनी पहारा देण्याची रीत शिकावी. अंतिम वर्षाच्या वादकानं जाण्याआधी पहिल्या वर्षाच्या एकाला तरी आपली सगळी गाणी शिकवावीत आणि आपल्यानंतर ती वेगळी वाजतील हे आनंदानं मान्य करावं. भजनी मंडळांनी एक वही ठेवावी. कोण कधी आलं, काय वाजवलं, कुणाकडून शिकलं, का गेलं, एवढं तिच्यात लिहावं. बायकांची नावं त्यात नवऱ्याच्या नावाआड न दडवता लिहावीत. देवळाच्या बांधकामाला वर्गणी देणाऱ्यांची नावं आपण फरशीवर कोरतो. त्याच देवळात चाळीस वर्षं गाणाऱ्याचं नाव निदान कागदावर असावं, हा त्याचा हक्क आहे. जी माणसं पैशासाठी वाजवत नाहीत त्यांना आपण मोबदला म्हणून एवढंच देऊ शकतो, आणि ते द्यायला खर्च काहीच नाही.