बिल्डला लागेल तेवढंच

महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला लावणीच्या वेळी स्ट्रॉबेरीचं रोप लागतं. ते परदेशी मातृरोपांपासून नर्सरीत वाढवलेलं असतं, पण नर्सरीचा पसारा काही त्याच्या वाफ्यात येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र असा पसारा सर्रास वापरणाऱ्याच्या दारात टाकला जातो.

भर पावसात, वीज ये-जा करत असताना इथला एखादा विद्यार्थी मुक्त प्रकल्पाचा सोर्स उतरवून घेतो. त्याला तो फक्त चालवून बघायचाय. कंपायलर आहे, लायब्ररी आहेत, तरी कॉन्फिगरची पायरी अडते: कोडची मांडणी सारखी करणारा फॉरमॅटर सापडला नाही. तो घातला की टेस्ट फ्रेमवर्क हवं, मग डॉक्युमेंटेशनसाठी डॉक्सिजन. तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यातल्या एकाचंही काही उतरत नाही.

१९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं ऑटोकॉन्फ लिहिलं, तेव्हा वापरणाऱ्यावर ओझं पडू नये हे भान होतं. ऑटोकॉन्फ लेखकाकडे राहायचं. सोर्स घेणाऱ्याला तयार कॉन्फिगर स्क्रिप्ट मिळायची. शेल, मेक आणि कंपायलर असला की काम भागायचं. पण ती स्क्रिप्ट हजारो ओळींची, आणि ती कुणी वाचत नाही.

नेमकी तिथेच मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फायली आकसणाऱ्या प्रकल्पातली चोरवाट दडलेली सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि ते खोदत गेले. घातक कोड चाचणीच्या फायलींत लपवला होता, आणि बिल्डच्या वेळी तो बाहेर काढणारी ओळ फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होती, गिटमध्ये नव्हती. इथे झालं तसा प्रकल्पातल्या विश्वासातल्या माणसानेच दगा दिला तर कुठलीही भिंत पुरेशी नाही, हे खरं. तरी बिल्डचा हात चाचणीच्या फायलींपर्यंत पोचतच नसता, तर ते काम फार अवघड झालं असतं.

म्हणून फॉरमॅटर, लिंटर, चाचण्या वेगळ्या पर्यायामागे असाव्यात आणि तो पर्याय मुळात बंद असावा, असं मला ठामपणे वाटतं. सीमेक या बिल्ड साधनात सीटेस्ट जोडलं की चाचण्यांचा पर्याय आपोआप चालू होतो. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये विकासासाठीच्या पॅकेजांची यादी वेगळी आहे, पण प्रकल्पात नुसतं इन्स्टॉल म्हटलं की तीही उतरते. नव्या सहकाऱ्याची सोय, असं कारण देतात. पण कोडमध्ये हात घालणारा एक जादा कमांड सहज देईल. आज उलट घडतं: डेबियनसारख्या वितरणांसाठी पॅकेज बनवणारे स्वयंसेवक या अनावश्यक अटी शोधून, पॅच लावून काढत बसतात.