शिलोहाचा बुरूज आणि आपला हिशेब

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे अंधेरी पूर्वेच्या साकीनाक्यात, खैरानी रोडवरील फरसाण बनविणाऱ्या गाळ्याला आग लागली आणि १२ कामगार मृत्युमुखी पडले. अशा वेळी आपण मृतात्म्यांसाठी प्रार्थना करतो आणि 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे प्रभूने विचारले आणि पश्चात्तापाचे आवाहन केले ते ऐकणाऱ्यांनाच. मग आपला पश्चात्ताप कोणता?

कामाच्या जागी सुरक्षितता आहे की नाही, हे पाहणाऱ्या यंत्रणा अनेक. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही त्यांपैकी एक. तिचा खर्च विधानसभा मंजूर करते. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळासमोर येतात आणि लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना जाब विचारू शकते. परंतु पैसा नियमानुसार खर्च झाला, एवढ्यावर हिशेब संपत नाही. निरीक्षकांची पदे भरली काय? तपासणी कामगारापर्यंत पोहोचली काय? शिल्लक राहिलेला रुपया कागदावर बचत दिसतो. प्रत्यक्षात ती न झालेली तपासणी असू शकते.

हे प्रश्न आमदारांनी विचारावेत, हे खरे. पण त्यांना निवडून देणारे आपणच. मते मागावयास आलेल्यांपुढे आपण क्रूस, दफनभूमी, शाळा यांचे प्रश्न मांडतो. शेजारच्या गाळ्यातील परप्रांतीय कामगाराचा क्वचितच. श्रमिकांचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य होय, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात सांगितले. लोकशाहीत ते कर्तव्य आपल्याही वाट्याला येते. मिस्साच्या आरंभी कर्तव्यातील कसुरीची कबुली देताना हे मौनही आठवावे.