उत्तर देणारी आणि ठरवणारी

एखादी स्त्री राजकारणात दिसू लागली की आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही कुणाची कोण? मुलगी, सून, पत्नी, बहीण, यांपैकी एक नातं सापडलं की विश्लेषण संपतं. दिंडोरीच्या माजी खासदार आणि माजी केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्याबद्दल नाशिकमध्ये जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं याच प्रश्नापाशी घुटमळतं. अलीकडे एका परिसंवादात एका अभ्यासू वक्त्याने त्यांची सगळी कारकीर्द ‘ए. टी. पवारांची सून’ एवढ्या शब्दांत आटोपली. सभागृहात माना डोलल्या. इतक्या कमी श्रमात माना डोलत असतील तर त्या मांडणीकडे जरा संशयाने पाहायला हवं.

घराण्याचा वाटा नाकारण्याचं कारण नाही. कळवण-सुरगाण्याच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यात ए. टी. पवार हे अनेक वेळा आमदार, काही काळ मंत्री. त्या घरात सून म्हणून आलेल्या, एमबीबीएस झालेल्या मुलीला राजकारणाचं दार इतरांपेक्षा लवकर उघडलं, हे उघडच आहे. जिल्हा परिषदेपासून त्यांची वाटचाल सुरू झाली. पण ‘सून’ हा शब्द पुढच्या दहा वर्षांचा उलगडा करतो का? ताळा करून पाहू. 2014 मध्ये राष्ट्रवादीने त्यांना दिंडोरीतून उभं केलं. सासरे हयात, पक्ष घरचा, नातं अगदी ताजं. त्या भाजपच्या हरिश्चंद्र चव्हाणांकडून जवळजवळ अडीच लाख मतांनी पडल्या. 2017 मध्ये ए. टी. पवार गेले. 2019 मध्ये राष्ट्रवादीने उमेदवारी धनराज महालेंना दिली, भारती पवार भाजपमध्ये गेल्या, भाजपने आपल्या विद्यमान खासदाराला घरी बसवून त्यांना तिकीट दिलं आणि त्या सुमारे दोन लाखांच्या फरकाने निवडून आल्या. म्हणजे घराणं पाठीशी असताना हार आणि घराण्याचा पक्ष सोडल्यावर जीत. त्याच वर्षी विधानसभेला कळवणमधून त्यांचे दीर नितीन पवार राष्ट्रवादीच्या तिकिटावर आमदार झाले. एका घरातले दोघे एकाच वर्षी समोरासमोरच्या पक्षांतून निवडून येतात, तेव्हा ‘घराण्याची सून’ या शब्दांनी नेमकं काय समजावून सांगितलं?

यावर उत्तर येईल की 2019 ची लाट होती, कुणीही निवडून आलं असतं. मान्य. पण मग कारण लाट झालं, सून नव्हे. शिवाय 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, नितीन पवार अजित पवारांबरोबर गेले, म्हणजे भाजपचे मित्र झाले. घराणं पुन्हा एका बाजूला आलं. आणि 2024 मध्ये भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या. घराणं एकत्र आलं की हार, फुटलं की जीत, असा हा उलटा हिशेब आहे. कुणी त्यावरून उलटा सिद्धान्त मांडेल. तोही मला मान्य नाही. माझं म्हणणं एवढंच की हा धागा ओढून फारसं काही हाती लागत नाही. आणखी एक गोष्ट. 2009 मध्ये नाशिकमधून समीर भुजबळ खासदार झाले तेव्हा ‘पुतण्या’ हा शब्द उच्चारला गेला नाही असं नाही. पण तो आरोप म्हणून उच्चारला गेला, आणि आरोपाला माणूस उत्तर देऊ शकतो. ‘सून’ हे मात्र निदान म्हणून सांगितलं जातं. निदान झालेल्या रोग्याचं मत कोण विचारतं?

(स्त्रिया आल्या की राजकारण आपोआप सौम्य आणि स्वच्छ होतं, असं मानणारा दुसरा पंथ आहे. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडत नाही.)

प्रश्न बदलून पाहू. भारती पवार आल्या कशा, हे बाजूला ठेवू. त्यांच्या हातात होतं काय?

7 जुलै 2021 रोजी त्यांनी राज्यमंत्री म्हणून शपथ घेतली. 20 जुलैला राज्यसभेत त्यांच्या नावाने एक लेखी उत्तर गेलं: ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. देशभर गदारोळ झाला. कारभार हाती येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. आरोग्य हा राज्यांचा विषय, आकडे राज्यांनी पाठवायचे, मसुदा मंत्रालयाने करायचा, आणि उत्तराखाली नाव मात्र राज्यमंत्र्यांचं. नाशिककरांना ते वाक्य जास्त झोंबलं. तीनच महिने आधी, 21 एप्रिलला, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले होते. तो अपघात होता, तुटवडा नव्हे, असा तांत्रिक फरक करता येतो. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना तो सांगायला कोण जाणार? स्वतः डॉक्टर असलेल्या, याच जिल्ह्यातून निवडून आलेल्या बाईंचं नाव त्या उत्तराखाली होतं. ते उत्तर टाळायला हवं होतं की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. ते ठरवलं कुणी, या प्रश्नात मात्र कुणालाच रस नव्हता.

आता कांदा. दिंडोरी मतदारसंघाचा नकाशा पाहा: सुरगाणा, पेठ, कळवणचा आदिवासी भाग एकीकडे, आणि निफाड, येवला, चांदवड, नांदगाव दुसरीकडे. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव, पण निवडणुकीचा वारा फिरतो तो लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांत. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी. ही तारीख महत्त्वाची आहे. तेव्हा बाजारात लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. भाव पडला म्हणून चार महिने थांबण्याची सोय त्यात नाही. मार्चनंतर बंदी उठेल या आशेवर लोक होते, ती लांबली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टन निर्यातीची मुभा मिळाली, तेव्हा इकडे संताप उसळला. 4 मे रोजी बंदी उठली, तीही 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरची अट ठेवून. 15 मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली आणि भाषण चालू असताना गर्दीतून आवाज आला, ‘कांद्यावर बोला’. 20 मे रोजी मतदान झालं.

राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे निवडून आले. पेशाने शिक्षक, लोकसभेला नवखे. त्याच आडनावाचा एक अपक्ष ‘तुतारी’ चिन्हावर लाखाच्या वर मतं घेऊन गेला; भगरे यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. एवढा घोळ होऊनही ते लाखाहून जास्त मतांनी जिंकले. रोष किती होता हे यावरून कळावं.

निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाकडून निघते, आणि ग्राहकांना कांदा कितीला मिळतो याची काळजी ग्राहक व्यवहार खातं वाहतं. त्या काळात दोन्ही खाती पीयूष गोयल यांच्याकडे होती. गोयलही 2024 मध्ये लोकसभेला उभे होते, उत्तर मुंबईतून. ते साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. ज्यांच्या खात्यांत निर्णय झाला ते कांदा खाणाऱ्या शहरातून जिंकले; ज्या आरोग्य खात्यात होत्या त्या कांदा पिकवणाऱ्या तालुक्यांतून पडल्या. मी मतदारांना दोष देत नाही. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराकडे जाब मागायचा नाही तर कुणाकडे मागायचा? उलट मला वाटतं, निफाडच्या शेतकऱ्याने भारती पवारांना सून म्हणूनही मत नाकारलं नाही आणि बाई म्हणूनही नाही. सरकारची माणूस म्हणून नाकारलं. परिसंवादातल्या वक्त्यापेक्षा त्याने त्यांना अधिक राजकीय मानलं.

मला जो भेद महत्त्वाचा वाटतो तो इथे आहे: उत्तर द्यावं लागणं वेगळं आणि ठरवता येणं वेगळं. आपण स्त्रियांचं राजकारण मोजतो ते जागांनी आणि पदांनी. पण दोन स्त्रियांना सारखंच पद असू शकतं, आणि त्यांतली एक ठरवते तर दुसरी ठरलेल्या गोष्टींची उत्तरं देत फिरते.

परदेशाचं एक उदाहरण घेतो, कारण ते उलट्या बाजूने हेच दाखवतं. स्पेनमध्ये 2007 च्या समता कायद्याने निवडणुकीच्या यादीत कोणत्याही एका लिंगाचे उमेदवार 40 टक्क्यांपेक्षा कमी नसावेत असं ठरवलं. तिथे मतदार माणसाला नव्हे, पक्षाच्या बंद यादीला मत देतो. मारिया तेरेसा फर्नांदेस दे ला वेगा या कायदेपंडित बाई 2004 मध्ये स्पेनच्या पहिल्या महिला उपपंतप्रधान झाल्या. पक्षाने त्यांना वेगवेगळ्या निवडणुकांत वेगवेगळ्या प्रांतांच्या यादीत घातलं, 2008 मध्ये तर वालेन्सियाच्या यादीत अग्रभागी. त्यांना कुठलं पिंपळगाव नव्हतं. त्यांच्याकडे ठरवण्याचा अधिकार बराच होता, पण एखाद्या गावाने त्यांना उभं करून विचारावं अशी सोय त्या पद्धतीत कमीच. आपल्याकडे नेमकं उलट आहे. कोणती पद्धत बरी, यावर मी हटून बसणार नाही. जाब विचारणारं गाव असणं मला तरी जास्त मोलाचं वाटतं, मात्र त्या जाबाला जोडून काही अधिकारही हवा.

इथे कुणी म्हणेल, हे तर सगळ्याच राज्यमंत्र्यांचं दुःख आहे, त्यात बाईपण कुठे आलं? शेजारच्या धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते, त्यांच्या हाती तरी काय होतं? प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रमाणात आहे. जुलै 2021 च्या फेरबदलानंतर केंद्रात 11 महिला मंत्री झाल्या, त्याचं मोठं कौतुक झालं. त्यांतल्या कॅबिनेट दर्जाच्या दोन, निर्मला सीतारामन आणि स्मृती इराणी. उरलेल्या नऊ राज्यमंत्री. पुरुष मंत्र्यांत साधारण दर पाचांमागे दोन कॅबिनेट दर्जाचे होते. जून 2024 मध्ये महिला सातवर आल्या: दोन कॅबिनेट, पाच राज्यमंत्री. राज्यमंत्रिपद सगळ्यांनाच मिळतं, पण स्त्रियांना बहुतेक वेळा तेवढंच मिळतं.

गंमत अशी की भामरेंना 2024 मध्ये ज्यांनी 3,831 मतांनी हरवलं त्या डॉ. शोभा बच्छाव नाशिकच्या माजी महापौर आणि राज्यातल्या माजी राज्यमंत्री. त्यांच्यावर ‘सून’ हे निदान चिकटवता येईना, म्हणून त्यांना ‘बाहेरची’ ठरवलं गेलं, आणि ते त्यांच्याच पक्षातल्या काहींनी. मालेगाव मध्यच्या मताधिक्याने त्यांना तारलं. घरातली असेल तर घराण्याची, घरातली नसेल तर उपरी. हा खेळ कितीही वेळ चालू शकतो.

सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेने महिला आरक्षणाचं विधेयक 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केलं. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते लागू व्हायचं, असं कायद्यातच लिहिलं आहे. पंचायतींतल्या आरक्षणाचा आणि सरपंचपतींचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असल्यामुळे आता ‘खासदारपती’ येतील अशी भीती घातली जाते. ती मला गौण वाटते; भारती पवारांचं उदाहरण पाहता नवरा-सासऱ्यांच्या सावलीतून बाहेर पडायला बायकांना फार काळ लागत नाही. कायद्याने लोकसभेतली एक तृतीयांश बाकं राखून ठेवली. मंत्रिमंडळाच्या टेबलाबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि असूही शकत नाही, कारण मंत्री निवडणं हा पंतप्रधानांचा अधिकार. पक्षांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर 454 मतं पडली. जागा द्यायला कुणाची ना नव्हती.

आता रावेरच्या रक्षा खडसे पाहा. त्याही सून, पण सासऱ्यांनी पक्ष सोडला तरी स्वतःच्या पक्षात राहिलेल्या, तीनदा निवडून आलेल्या, आणि जून 2024 पासून युवक कल्याण आणि क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांनी उद्या पीकविम्यावरून त्यांना गाठलं, तर क्रीडा खात्याच्या कोणत्या फायलीतून त्या उत्तर काढणार आहेत?