पैलू पाडावे लागतात

'अष्टपैलू अभिनेत्री' हा शब्द आपण सत्काराच्या शालीसारखा कुणाच्याही खांद्यावर घालतो. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत बसणारा कारागीर मात्र सांगेल, पैलू पाडावे लागतात. त्याला हात लागतो, वेळ लागतो आणि मूळ खडाही तसाच कसदार लागतो. चित्रपट अभिनेत्री सुलोचनादीदींची कारकीर्द आठवली की हे मनोमन पटतं.

त्यांचा जन्म १९२८ चा, चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटचा. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्यांनी किरकोळ कामं केली; खरी घडण झाली ती भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत. तोंडात सीमाभागातली बोली होती. भालजींनी वाचून घेतलं, वाणी घासून घेतली. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत स्टुडिओची राख झाली, 'मीठभाकर' पुन्हा चित्रित करावा लागला आणि १९४९ मध्ये तो पडद्यावर आला. ज्या घरात राखेतून पुन्हा उभं राहणं रोजच्या कामाइतकं साधं मानलं गेलं, त्या घरात ही अभिनेत्री घडली.

म्हणूनच मराठीत त्यांचा पल्ला केवढा मोठा दिसतो! १९५३ ची 'वहिनींच्या बांगड्या'मधली वहिनी, १९६१ च्या 'प्रपंच'मधली गरीब कुंभाराची बायको, १९६३ ची 'मोलकरीण', आणि लगेच पुढच्या वर्षी 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये जिजाऊ. मोलकरणीची मान खाली आणि जिजाऊंची मान ताठ, एवढ्यावर हा फरक संपत नाही. एकीला आपण कुणाची आई आहोत हे लपवायचं आहे. दुसरीला ते साऱ्या मुलखाला दाखवून द्यायचं आहे. मातृत्व तेच, पण त्याचा भार अंगावर वागवायची रीत पार वेगळी.

हिंदीने मात्र यातला एकच पैलू उचलला. १९५९ च्या 'दिल देके देखो'मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या, तेव्हा त्यांचं वय जेमतेम एकतीस. शम्मी त्यांच्याहून तीनच वर्षांनी लहान. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर त्या देव आनंद आणि प्राण या दोघांच्या आई होत्या. देव आनंद १९२३ चा, प्राण १९२० चा. आई तिच्या दोन्ही मुलांपेक्षा लहान! नायक पन्नाशीकडे झुकला तरी त्याने प्रेमगीत गावं आणि तिशीतल्या बाईने केस पांढरे करून देवघरापुढे बसावं, हा धंद्याचा अन्यायच होता. दीदींनी तो निष्ठेने पेलला म्हणून त्याला आपण न्याय म्हणू नये.

त्या चौकटीतही त्यांनी काय केलं, ते बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त पाहावं. अस्पृश्य घरातली अनाथ पोर सांभाळणारी ही बाई परक्यांपुढे तिची ओळख 'मुलगी' अशी करून देत नाही; 'मुलीसारखी' म्हणते. त्या एका 'सारखी'त अख्खी जातव्यवस्था उभी आहे. हा शब्द दीदी दुष्टपणे उच्चारत नाहीत. सवयीने, मायेने उच्चारतात, म्हणून तो जास्त लागतो. आपल्याही घरात तो कितीदा बोलला गेला असेल, हे आठवून बघणारा अस्वस्थ होतो.

आज कोल्हापूर मालिकांचं गाव झालं आहे. २०१६ ते २०२१ चाललेल्या 'तुझ्यात जीव रंगला'ने शेजारचं वसगडे घराघरांत पोहोचवलं. रोज रात्री भेटणारी अभिनेत्री घरचीच होते, हे भाग्य खरं. पण वर्षानुवर्षं तीच साडी, तोच स्वभाव, तेच अश्रू वागवताना बाकीचे पैलू कुठे पाडायचे? अंगी कस असणाऱ्या मुली आपल्याकडे आजही आहेत. कमी पडतो तो त्यांना वेगवेगळ्या मातीत रुजवणारा लेखक आणि थांबायची तयारी असलेला निर्माता.

१९९९ मध्ये दीदींना पद्मश्री मिळाली, पुढे महाराष्ट्र भूषणही. ४ जून २०२३ रोजी त्या गेल्या. त्यांचं ऋण पुतळ्याने फिटणार नाही. संहितेत 'नायकाची आई' असं लिहिण्याआधी लेखकाने क्षणभर थांबावं आणि त्या बाईचं नाव, गाव आणि ती पोटासाठी काय करते, एवढं आधी लिहावं. पुढचे पैलू ती स्वतः पाडून घेईल.