नातवंड पाहिल्यानंतर

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच, गृहस्थाने घर केव्हा सोडावे याची लक्षणे सांगितली आहेत: अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले, म्हणजे त्याने ग्राम्य आहार व सर्व परिग्रह टाकून, पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करून अथवा तिला बरोबर घेऊन, अरण्याची वाट धरावी. पहिली दोन लक्षणे देहाची आहेत. तिसरे वंशाचे आहे, आणि शास्त्रकाराचा खरा भर त्याच्यावरच असावा असे मला वाटते, कारण नातवंडाचे मुख पाहणे म्हणजे आपल्यावाचूनही घर पुढे चालणार आहे याची साक्ष पटणे होय. आज चिमूरच्या ज्या निवृत्त शिक्षकाचा किंवा तलाठ्याचा मुलगा नागपुरास अभियांत्रिकी शिकून पुढे न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे, त्याच्या बाबतीत हीच साक्ष नेमकी उलट आज्ञा करते. नातू झाल्याची वार्ता येते, आणि ज्याने जन्मात चंद्रपूर-नागपूरपलीकडे क्वचितच पाऊल टाकले तो वृद्ध पत्नीसह पारपत्राचा अर्ज भरावयास बसतो. संसारातून निघण्याचा जो मुहूर्त शास्त्राने सांगितला, त्याच मुहूर्तावर तो संसाराच्या अधिक आत जावयास निघालेला असतो. हा मोह म्हणावा की धर्म?

चिमूरच्या माणसाला अरण्य शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तालुक्याच्या कडेलाच ताडोबाचे रान सुरू होते. ज्या तारूचे नाव त्या रानास मिळाले असे सांगतात, तो वाघाशी झुंजताना मेलेला गोंडांचा गावप्रमुख, आणि त्याचे ठाणे आजही तळ्याच्या काठी आहे. परंतु 1955 साली ते रान राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, आतली नवेगावसारखी गावे बाहेर आणून वसविली गेली, आणि आता कोलाऱ्याच्या फाटकातून आत जावयाचे तर परवाना, वाटाड्या व ठरलेली वेळ यांवाचून गत्यंतर नाही. वाघासाठी ते योग्यच झाले. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रानात राहणे म्हणजे वैराग्य, ही कल्पनाच मुळी नगरवासी माणसाची आहे. जो गोंड किंवा माना म्हातारा चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचतो आणि पुढे तेंदूपानांचे पुडे बांधतो, त्याचे रान हाच त्याचा प्रपंच आहे. तेथेच त्याची लेकरे वाढली, तेथेच त्याचे भांडणतंटे झाले. तेव्हा वानप्रस्थाचे मर्म वृक्षांत नाही. ते जर कोठे असेल, तर आजवर ज्यावर आपला अधिकार चालला ते सोडून देण्यात आहे.

या विषयाचा सर्वांत कठोर विचार मराठीत तेराव्या शतकातच श्रीचक्रधरांनी करून ठेवला. साधकाने स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा सोडावा, आणि संबंधियांचा संबंध तर विशेषत्वाने सोडावा, असा त्यांचा दंडक आहे. तो परदेशी निघालेल्या वृद्धास लावून पाहिला म्हणजे एक विलक्षण पेच दिसतो: पहिले दोन त्याग हा मनुष्य खरोखरीच करतो, आणि ते तिसऱ्याच्या लोभाने करतो. चक्रधरांच्या दृष्टीने हा हिशेब फसलेलाच ठरेल. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला असे म्हणावेसे वाटते की, संबंधियांच्या घरी राहूनही संबंधातील सत्ता सोडता येते, आणि हा त्याग रानातल्या त्यागाहून सोपा नाही.

त्या घरात या वृद्धाचे काय होते ते पाहावे. चिमुरात त्याला रस्त्याने दहा माणसे 'गुरुजी, रामराम' म्हणत होती. येथे त्याचे नाव शेजाऱ्यास उच्चारता येत नाही. तेथे बाजारहाट, दूधवाला, शेताचा ठेका, लग्नकार्याचा सल्ला, सारे त्याच्या शब्दावर चालत होते. येथे मोटार चालविता येत नसल्यामुळे भाजी आणण्यासही मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते. आजीला परक्या चुलीची कळ कोणती हे सूनबाईला विचारावे लागते, आणि ज्या घरात तिने चाळीस वर्षे कोणास काही विचारले नव्हते त्या घराची आठवण तिला अशा वेळी होते. नातू 'आबाजी' एवढे एक संबोधन शिकतो, बाकी इंग्रजीत बोलतो. नातवाला वरणभात केव्हा द्यावा, थंडीत कसे गुंडाळावे, रडला तर उचलावे की नाही, यांविषयीचे आजोबांचे मत अवमानाने नव्हे, पण सौम्यपणे बाजूस ठेवले जाते. पदवी, ओळख, भाषा, सल्ला देण्याचा हक्क, हे सर्व परिग्रह एकेक करून गळून पडतात. अरण्याने याहून निराळे काय केले असते?

फरक आहे, आणि तो मोठा आहे: हे गळून पडणे त्याने स्वतः स्वीकारले की केवळ सोसले. जो वृद्ध मनात म्हणतो की माझे येथे कोणी ऐकत नाही, तो अजून गृहस्थच आहे, फक्त पदच्युत झालेला. आमच्या मुलखाने पदच्युतीचे एक उदाहरण पाहिले आहे. 1951 साली मालगुजारी गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सरकारी हुकुमाने संपली, आणि पुष्कळ मालगुजार उरलेले आयुष्य त्या दुःखातच जगले. पण त्यांच्या अमदानीत बांधलेले तलाव तसेच राहिले. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणून ते अजून धानाला पाणी देतात, आणि त्या पाण्यावर कोणाचा हुकूम चालतो हे रोवणी करणारीस ठाऊक असण्याचे कारण नाही. परदेशातील घरात आजोबांनी नातवाला सांगितलेली एखादी गोष्ट, आजीने संध्याकाळी लावलेला दिवा, हे त्या तलावांच्या जातीचे आहे. हुकूम गेला तरी ते देता येते, किंबहुना हुकूम गेल्यावरच ते निर्मळपणे देता येते.

देवाचे काय, हा प्रश्न मात्र वृद्धाला खरोखर छळतो. समुद्रोल्लंघनाचा निषेध आता कोणी पाळत नाही. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा जे वादळ उठले ते आजच्या वाचकास पुसटही आठवणार नाही. पण निषेध गेला तरी देवाचे स्थान गेले नाही. चिमूरचा बालाजी म्हणजे माघातील घोडायात्रा, ती गर्दी, तो रात्रीचा घोडा. न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला व्यंकटेशाचे भव्य मंदिर आहे, तेथे मुलगा रविवारी भक्तिभावाने नेतो, आणि वृद्ध हात जोडूनही मनात म्हणतो, हा आपला नव्हे. मला यात त्याचा संकुचितपणा दिसत नाही. ज्या देवाशी आपण आयुष्यभर बोललो त्याचा पत्ता आपण विसरू शकत नाही, आणि विसरूही नये. तथापि याच चिमुरात 1942 च्या चातुर्मासात राहून ज्यांनी गाव जागे केले, त्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना अशी घडविली की तिला विशिष्ट मूर्तीची वा मंदिराची अट राहिली नाही. आणि 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाताना त्यांनी आपली खंजिरी बरोबर नेली. चिमुरात उन्हाळ्यात सायंकाळी सातला लोक प्रार्थनेस बसतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, सून-मुलगा कामावर गेलेले असतात, आणि वृद्ध दांपत्य त्या वेळी तेथे बसून तीच प्रार्थना म्हणू शकते. बालाजीची उणीव त्याने भरून निघत नाही, पण ईश्वर त्या घरात उपरा राहत नाही.

यापुढचा प्रश्न मृत्यूचा, आणि मुले तो टाळतात. प्रवेशपरवान्यावर सामान्यतः सहा महिन्यांची मुदत मिळते. त्या मुदतीत आपले काही बरेवाईट झाले तर, ही चिंता प्रत्येक वृद्धाच्या उशाशी असते. देह विद्युत्‌दाहिनीत गेला तरी आत्म्याचे काही अडत नाही, हे गीता वाचणाऱ्यास पटते. पण वैनगंगा मार्कंड्याजवळ जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे आपल्या बापाच्या अस्थी आपण सोडल्या होत्या, हे त्याच्या हातांना आठवते. येथे शास्त्रार्थ सांगून त्याला गप्प करणे मला क्रूरपणाचे वाटते. विमानात बसण्यापूर्वीच मुलाने त्याच्याजवळ बसून विचारावे: बाबा, तसा प्रसंग आला तर काय करू? आणि तो जे सांगेल ते, खर्च व खटपट कितीही पडो, करीन असा शब्द द्यावा. कदाचित तो मार्कंडा म्हणेल. कदाचित, सहा महिने नातवाच्या सहवासात राहिल्यावर, तेथलीच एखादी नदी पुरे म्हणेल. दोन्ही उत्तरे धर्माला धरून आहेत. मात्र ते उत्तर त्याचे स्वतःचे असले पाहिजे, कारण सर्व अधिकार सोडलेल्या मनुष्याजवळ हा एकच अधिकार शेवटपर्यंत राहतो, आणि तो सोडण्यास त्याला कोणत्याही स्मृतिकाराने सांगितलेले नाही.