जेवण एक वाजता

आमच्या ओळखीत एक फोटोग्राफर आहेत. धाराशिवात त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराई सुरू झाली की तुळजापूर, कळंब, लोहारा, उमरगा असं जिल्हाभर फिरणं असतं. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. आधी नुसत्या गोळ्या होत्या, आता इन्सुलिनही घ्यावं लागतं. लग्नाची ऑर्डर द्यायला माणसं आली की भाऊ वही उघडतात. तारीख, मुहूर्त, गाव, मंगल कार्यालय, अल्बमची पानं, ड्रोन हवा की नको, विसार किती, सगळं लिहून घेतात. आणि त्याच ओघात विचारतात, "जेवण किती वाजता?" मुलीचे वडील म्हणतात, "अहो भाऊ, आमच्या दारात तुम्ही उपाशी राहणार का?" भाऊ म्हणतात, "तसं नाही दादा. मला शुगर आहे. एक वाजता दोन घास खावेच लागतात. तेवढा वेळ माझा पोरगा कॅमेरा धरतो. तुमचा एकही विधी सुटणार नाही." मग त्या ऑर्डरखाली एक ओळ लिहितात : जेवण १ वाजता.

ही एक ओळ मला फार मोलाची वाटते. का, ते कळायला लग्नातला फोटोग्राफर पाहावा लागतो. साडेबाराचा मुहूर्त एकाच्या पुढं जातो. अक्षता पडल्या की सप्तपदी, मग आहेर, मग स्टेजवर रांग. मामा आले, आत्या आल्या, गावचे सरपंच आले, वराचे कॉलेजचे मित्र आले. प्रत्येकाला फोटो हवा असतो आणि तो हवा असणं साहजिकही आहे. पंगती उठत राहतात. फोटोग्राफरचं ताट येतं ते सगळ्यांच्या शेवटी, कधी कधी चार वाजता, गार झालेल्या भातासकट. यात कोणाचा दुष्टावा नसतो. त्या गर्दीत कोण जेवलं आणि कोण राहिलं हे लक्षातच येत नाही.

ज्याला इन्सुलिन चालू आहे त्याला मात्र ही दिरंगाई परवडत नाही. सकाळी घेतलेलं औषध आपल्या वेळेनं काम करत राहतं. पोटात अन्न पडलं नाही तर रक्तातली साखर खाली येते. सत्तरच्या खाली गेली की अंगाला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात, नजर अंधुक होते, साध्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. भाऊ म्हणतात, "मला कळायच्या आधी कॅमेऱ्याला कळतं." एरवी ज्या शटर स्पीडवर त्यांचा हात दगडासारखा स्थिर असतो, तिथंच फोटो हलायला लागतो. म्हणून ते अधूनमधून मागच्या पडद्यावर एखादा फोटो मोठा करून बघतात. नवरीच्या मंगळसूत्राचे काळे मणी सुटे सुटे दिसले तर ठीक. मणी एकमेकांत मिसळून नुसती काळी रेघ दिसली, तर ते लेन्सला हात लावत नाहीत. आधी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातली ग्लुकोजची पुडी काढतात. तीन चमचे पाण्यात ढवळायचे, प्यायचे, बसायचं, पंधरा मिनिटांनी बोटाला टोचून पुन्हा तपासायचं. त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही हा घरातला नियम आहे. बॅटऱ्या आणि कार्डं दुसरीकडं.

हे सगळं सांभाळणारी माणसं थोडी नाहीत. आपल्या देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं. म्हणजे कुठल्याही लग्नाच्या मांडवात, कुठल्याही एसटीत, शाळेच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये अशी माणसं बसलेली असतातच. त्यातली कितीतरी हे कोणाला सांगत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला वाटतं, आजार सांगितला की काम जाईल. आजारी फोटोग्राफरला ऑर्डर कोण देणार? मग माणूस भूक दाबतो, लघवीला जाणं टाळतो, पाय दुखत असला तरी हसत उभा राहतो. आजार झाकण्याचं हे काम रोजच्या कामावर आणखी एक काम होऊन बसतं, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. आतल्या आत कळ सोसायची आणि वर चेहरा प्रसन्न ठेवायचा, यात माणूस आजारापेक्षा जास्त थकतो असं मला वाटतं.

तुळजापूरच्या मुलखात राहणाऱ्यांनी तरी थकव्याची लाज धरू नये. आपली भवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते. भाद्रपदात घटस्थापनेआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. इथली मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. श्रम निद्रा तर नावातच सगळं सांगते. महिषासुराशी लढून देवी दमली, म्हणून दसऱ्याच्या सीमोल्लंघनापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तिनं विसावा घ्यायचा. तो पलंग अहिल्यानगराहून वाजतगाजत येतो. मला यातलं सगळ्यांत जवळचं काय वाटतं सांगू? ही निद्रा गुपचूप नसते. ती पंचांगात असते. पुजाऱ्यांना ठाऊक असते, पलंग आणणाऱ्यांना ठाऊक असते, पायी चालत येणाऱ्या भक्ताला ठाऊक असते. विसावा आधी ठरलेला असतो आणि सगळा गाव त्याप्रमाणं आपलं काम मांडून घेतो. देवीचा दरारा त्यानं तसूभरही कमी होत नाही.

भाऊंच्या वहीतली ओळ त्याच जातीची आहे. लग्नाच्या दिवशी एक वाजता घाम फुटलेला माणूस "मला जरा बसू द्या" म्हणाला तर सगळ्यांची धांदल उडते. तीच गोष्ट दोन महिने आधी, चहा पिता पिता सांगितली तर ती नुसती एक सोय होते. यजमानांनाही बरं वाटतं, कारण काय करायचं ते त्यांना कळलेलं असतं. मी स्वतः पाहिलंय, लग्नात एक वाजायला आले की घरातली एखादी काकू किंवा आजी ताट वाढूनच घेऊन येते. "भाऊ, आधी खा, नवरा-नवरी कुठं पळून जात नाहीत." आपल्या लोकांना जेवू घालणं शिकवावं लागत नाही. कोणाला कधी भूक लागते एवढंच त्यांना कोणीतरी सांगावं लागतं.

उन्हाळ्यात याच्या जोडीला बाकीचं सांभाळावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि लग्नंही तेव्हाच असतात. इन्सुलिनला उष्णता सोसत नाही. साठ्यातलं फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं. चालू पेन बाहेर राहू शकतं, बहुतेक प्रकारांचं साधारण चार आठवडे, पण गार जागी. मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत ते ठेवलं तर औषधाची ताकद जाते आणि वरून बघून ते कळतही नाही. भाऊ कामावर जाताना पेन घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या फडक्याच्या पिशवीत ठेवतात. घरी वीज गेली तर वहिनी डबी ठेवतात ती मातीच्या लहान मडक्यात, आणि ते मडकं ओली वाळू भरलेल्या मोठ्या मडक्यात. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं. फ्रीजइतका गारवा येत नाही, पण वेळ निभावते. मडकी तेरहून आणलेली, गोरोबाकाकांच्या गावची. आणि पाय. मांडवात चप्पल काढावी लागते, देवळात तर काढावीच लागते. शुगर जुनी झाली की तळव्यांची जाणीव कमी होते. तापलेल्या फरशीवर चटका बसला तरी लवकर समजत नाही. म्हणून भाऊ मांडवात जाड सुती मोजे घालतात. रात्री घरी आल्यावर वहिनी उजेडात दोन्ही तळवे बघतात. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

शरीराची मर्यादा सांभाळत कॅमेरा धरणारे भाऊ काही पहिले नाहीत. फोटोग्राफीच्या इतिहासात डोरोथिया लँग हे मोठं नाव आहे. ही अमेरिकन बाई सात वर्षांची असताना, 1902 मध्ये, तिला पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. त्याच पायानं लंगडत ती मंदीच्या काळात शेतमजुरांच्या वस्त्यांवर हिंडली. 1936 मध्ये कॅलिफोर्नियात तिनं टिपलेला, लेकरं बिलगलेल्या एका मजूर आईचा फोटो आजही जगभर ओळखला जातो. या अधूपणानं आपल्याला घडवलं असं ती सांगत असे. अनोळखी, गांजलेल्या माणसांसमोर लंगडत येणारी बाई उभी राहिली की ती माणसं तिला परकी समजत नसत. पुढं पोटाच्या दुखण्यानं ती वर्षानुवर्षं बेजार होती. लांबचे दौरे जमेनात तेव्हा तिनं कॅमेरा घराकडं वळवला. घरचं झाड, नातवंडं, समुद्राकाठच्या लहानशा घरातल्या सुट्ट्या. शरीर जितकं अंतर देईल तितक्या अंतरावरचं तिनं मन लावून पाहिलं. 1965 मध्ये ती गेली. तिच्या कामाचं न्यूयॉर्कमधलं मोठं प्रदर्शन तिनं आजारपणातच जुळवत आणलं होतं. ते पुढच्या वर्षी भरलं.

तुम्ही कदाचित फोटोग्राफर नसाल. बँकेत असाल, अंगणवाडीत असाल, एसटीवर वाहक असाल. शुगर नसेल, दमा असेल, थायरॉईड असेल, अर्धशिशी असेल, कंबर धरत असेल. डबा भरता भरता एवढंच मनात आणून बघा, की आपल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपली वेळ ठाऊक आहे का. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. भाऊ काही तपासणीचे कागद दाखवत बसत नाहीत. काय होतंय, किती वाजता काय लागतं, आणि तेवढ्या वेळात काम कोण बघेल, इतकंच बोलतात. रडत नाहीत, माफीही मागत नाहीत. शेवटचा भाग मला फार आवडतो. आपल्या गरजेबरोबर आपणच सोय सुचवली की ऐकणाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरतं. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळेल. दुसऱ्यांदा कमी अडखळेल.

भाऊंच्या पोराला आता हे सवयीचं झालंय. त्याला कुठलाही आजार नाही, पण स्वतः घेतलेल्या ऑर्डरीतही तो जेवणाची वेळ विचारून लिहितो. ड्रोनवाला मुलगा आणि लाईट धरणारा मुलगा यांचंही ताट त्यामुळं वेळेवर येऊ लागलंय. डोळ्यांची तपासणीही भाऊंनी अशीच ठरवून टाकलीय. शुगरवाल्यानं वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा असतो. फोटोग्राफरनं तर चुकवूच नये. थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, त्या दिवशी काम होत नाही. म्हणून ती तारीख दसऱ्यानंतरच्या, देवीच्या श्रम निद्रेच्या पाच दिवसांतली असते. तेव्हा लग्नंही नसतात.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. गोरज मुहूर्ताची लग्नं वाढलीत. संध्याकाळचं इन्सुलिन जेवणाआधी घ्यायचं, आणि वरात नाचत नाचत येईपर्यंत जेवणाचा पत्ता नसतो. इंजेक्शन मांडवात ताट समोर आल्यावर घ्यावं, की थोडं खाऊन घरून निघावं, की डोसच बदलून घ्यावा? भाऊंनी स्वतःच्या मनानं काही ठरवलेलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून ठेवलाय आणि पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडं ती वहीच घेऊन जाणार आहेत.